बेल्जियमचा प्रवास : आधी सांगावे, मग निघावे

सांगली-कोल्हापूरकडच्या अनेक घरांतील मुले-मुली आता युरोपात स्थिरावली आहेत. कोणी संशोधनासाठी गेले, कोणी संगणक क्षेत्रातील नोकरीसाठी. त्यामुळे पूर्वी केवळ सहलीपुरता असलेला परदेशप्रवास आज कौटुंबिक कर्तव्याचा भाग झाला आहे. लेकीचे बाळंतपण, नातवाचे बारसे, मुलाचे नवे घर अशा निमित्ताने साठी ओलांडलेले आई-वडील प्रथमच विमानात पाऊल ठेवतात. तिकीट मुले काढतात, अर्जही बहुधा तीच भरतात आणि आई-वडील दाखवलेल्या जागी सही करतात. नेमकी येथेच पुढील अडचणींची सुरुवात होते.

उदाहरणादाखल एक दांपत्य डोळ्यांपुढे आणावे. पती निवृत्त शिक्षक, वय सदुसष्ट, पंधरा वर्षांपासून मधुमेही. पत्नी बासष्ट वर्षांची, गुडघेदुखीने त्रस्त. दोघांचाही रात्रिभोजनत्याग कडक. लेक बेल्जियममधील लुव्हेन या विद्यापीठाच्या गावी राहते आणि तिचे बाळंतपण डिसेंबरात आहे. या दांपत्याला परदेशात जो त्रास होऊ शकतो, तो बहुतेक एकाच कारणाने होईल : जे आधी स्पष्ट सांगायला हवे होते, ते संकोचाने किंवा सोयीसाठी न सांगितल्यामुळे. वकिलातीला प्रवासाचा हेतू, विमा कंपनीला आजार, तेथील नगरपालिकेला मुक्काम आणि डॉक्टरांना व्रत, या चार गोष्टी वेळेवर सांगितल्या की निम्मा प्रवास घरबसल्याच सुखरूप होतो.

वकिलातीला हेतू

बेल्जियम हा शेंगेन करारातील २९ देशांपैकी एक देश आहे. भारतीय पारपत्रधारकास नव्वद दिवसांपर्यंतच्या मुक्कामासाठी शेंगेन व्हिसा घ्यावा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी तो दाखल झालेला असावा लागतो. निर्णयास सामान्यतः पंधरा दिवस लागतात, मात्र चौकशीची गरज वाटल्यास ही मुदत पंचेचाळीस दिवसांपर्यंत वाढू शकते. अर्ज केंद्रातील भेटीची वेळही लगेच मिळेलच असे नाही. म्हणून डिसेंबरच्या प्रवासाची तयारी भाद्रपदातील पर्व आटोपताच सुरू करणे हिताचे.

पारपत्र मागील दहा वर्षांत दिलेले असावे, परतीच्या तारखेनंतरही किमान तीन महिने वैध असावे आणि त्यात दोन पाने कोरी असावीत. ११ जून २०२४ पासून प्रौढांसाठी व्हिसाचे शुल्क ९० युरो आणि सहा ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी ४५ युरो आहे. सहा वर्षांखालील मुलांना शुल्क नाही. व्हिसा नाकारला गेला तरी शुल्क परत मिळत नाही. बारा वर्षांवरील अर्जदारांच्या बोटांचे ठसे घेतले जातात. ते ५९ महिने नोंदीत राहतात, त्यामुळे या काळात पुन्हा अर्ज केल्यास सहसा नव्याने ठसे द्यावे लागत नाहीत.

ज्या देशात मुक्काम सर्वाधिक, त्याच देशाकडे अर्ज करावा, असा नियम आहे. मुक्काम समसमान असेल तर प्रथम प्रवेशाचा देश धरला जातो. लेकीकडे दोन महिने आणि पॅरिसमध्ये चार दिवस, असा बेत असेल तर अर्ज बेल्जियमकडेच करायचा. 'दुसऱ्या देशाचा व्हिसा लवकर मिळतो' अशी कुणाची सूचना ऐकून तेथील हॉटेलचे नावापुरते आरक्षण जोडणे आणि प्रत्यक्षात लेकीकडे जाणे, हा मार्ग सोपा दिसतो. परंतु सीमेवरील अधिकारी परतीचे तिकीट, मुक्कामाचा पत्ता आणि प्रवासाचे कारण विचारू शकतो. तेथे पतीने 'सहल' म्हटले आणि पत्नीने 'बाळंतपण', तर एवढ्या विसंगतीने चौकशी लांबते, प्रसंगी प्रवेशही नाकारला जाऊ शकतो. अर्जात 'कौटुंबिक भेट' लिहावे आणि विचारल्यावर तेच सांगावे.

कुटुंबाकडे उतरणाऱ्यांसाठी बेल्जियममध्ये एक विशेष कागद आहे. तो '३ बीस' या नावाने ओळखला जातो. यजमान म्हणजे येथे लेक किंवा जावई हे पाहुण्यांचा निवास, औषधोपचार आणि मायदेशी परतण्याचा खर्च यांची हमी घेतात आणि आपल्या नगरपालिकेत त्या हमीपत्रावर अधिकृत नोंद करून घेतात. हा कागद केवळ उपचार नाही. त्याची जबाबदारी दोन वर्षे यजमानावर राहते. पाहुणा मुदतीपेक्षा जास्त राहिला किंवा रुग्णालयाचे देयक थकले, तर त्याची झळ जावयाच्या पगारापर्यंत पोहोचू शकते. आई-वडिलांनी सही करण्यापूर्वी ही गोष्ट समजून घेतलेली बरी.

व्हिसा हाती आल्यावर त्यावरील तीन नोंदी भिंग घेऊन वाचाव्यात. पहिली, वैधतेच्या तारखा. दुसरी, मुक्कामाचे दिवस. तिसरी, प्रवेशांची संख्या. पुष्कळ जण पहिली नोंद वाचून दुसरी विसरतात. तारखांमधील अंतर पंचेचाळीस दिवसांचे असले तरी मुक्काम तीसच दिवसांचा मंजूर झालेला असू शकतो. एकतिसाव्या दिवशी तो प्रवासी बेकायदा ठरतो. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन सीमांवर प्रवेश व निर्गमनाची संगणकीय नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. पारपत्रावरील शिक्क्याची जागा आता चेहऱ्याच्या छायाचित्रासह होणारी ही नोंद घेत आहे. त्यामुळे एका दिवसाची चूकही यंत्राच्या नजरेतून सुटत नाही आणि पुढील अर्जांत ती अडथळा ठरते.

प्रवेशांच्या संख्येबाबतही सावध असावे. ब्रसेल्सहून पॅरिस किंवा ॲमस्टरडॅमला जाऊन येण्यास हाच व्हिसा पुरतो. लंडनला मात्र तो चालत नाही. ब्रसेल्सच्या मिडी स्थानकावरून लंडनची गाडी सुटते म्हणून ते शेजारचे गाव वाटते, परंतु ब्रिटनचा व्हिसा वेगळा घ्यावा लागतो. शिवाय एकाच प्रवेशाचा शेंगेन व्हिसा असेल तर लंडनला गेल्यावर लेकीच्या घरी परतण्याचा मार्गच बंद होतो.

विमा कंपनीला आजार

शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. तो सर्व शेंगेन देशांत लागू असावा आणि त्यात तातडीचे उपचार, रुग्णालयातील वास्तव्य तसेच मायदेशी परत आणण्याचा खर्च समाविष्ट असावा. एवढी अट पूर्ण करणारा स्वस्तातला विमा सहज मिळतो आणि व्हिसाही मिळून जातो. प्रश्न त्यानंतरचा आहे.

अर्जातील 'पूर्वीपासून काही आजार आहे काय?' या प्रश्नापुढे 'नाही' असे लिहिले की हप्ता कमी होतो. मुले बहुधा आई-वडिलांना न विचारताच तसे लिहून टाकतात, तर कधी वडीलच 'साखर तशी आटोक्यात आहे' म्हणून मौन पाळतात. पुढे परदेशात छातीत दुखू लागले तर रुग्णालयाच्या कागदांत पंधरा वर्षांच्या मधुमेहाची नोंद होते आणि लपवलेल्या आजाराच्या कारणाने विमा कंपनी दावा नाकारू शकते. वाचवलेले काही हजार रुपये तेव्हा लाखांच्या देयकापुढे उभे राहतात आणि हमीपत्रावर सही करणारा जावई त्यात ओढला जातो. आजार लिहावा, अधिक हप्ता भरावा आणि पूर्वीच्या आजारातून उद्भवणाऱ्या तातडीच्या उपचारांना संरक्षण आहे की नाही, हे विम्याच्या अटींत स्वतः वाचून घ्यावे. केवळ प्रतिनिधीच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

नगरपालिकेला मुक्काम

हॉटेलात उतरणाऱ्या पाहुण्यांची नोंद हॉटेलच ठेवते. नातेवाइकांच्या घरी उतरणाऱ्या बिगर-युरोपीय पाहुण्याने मात्र आगमनानंतर तीन कामकाजाच्या दिवसांत तेथील नगरपालिकेत जाऊन आपल्या आगमनाची नोंद करावी, असा बेल्जियमचा नियम आहे. प्रवासाचा शीण आणि घरातील लगबग यांत हे काम हमखास राहून जाते. यजमानाने त्यासाठीची वेळ आधीच ठरवून ठेवावी. पारपत्र, विमा आणि हमीपत्राची प्रत सोबत न्यावी. घराबाहेर पडताना मूळ पारपत्र जवळ बाळगणे अपेक्षित असते. त्याच्या दोन छायाप्रती मात्र घरी, वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात.

बेल्जियम सर्वसाधारणपणे सुरक्षित देश आहे. तेथे भीती हिंसेपेक्षा खिसेकापूंची अधिक. ब्रसेल्समधील मोठी रेल्वेस्थानके, मेट्रो आणि विमानतळाकडे जाणाऱ्या गाड्या या त्यांच्या आवडत्या जागा. कोणी अंगावर काही सांडल्याचे भासवून पुसू लागतो, कोणी नकाशा पुढे करून पत्ता विचारतो आणि तेवढ्यात त्याचा साथीदार पिशवी उचलतो. गाडी स्थानकात थांबलेली असताना वरच्या फळीवरची पिशवी नाहीशी होण्याचे प्रकारही घडतात. कागदपत्रे आणि औषधे असलेली पिशवी म्हणूनच मांडीवर असावी. सोन्याचे मोठे मंगळसूत्र आणि पाटल्या घरीच ठेवून जावे. साध्या वेशातील कोणी स्वतःस पोलीस म्हणवून पैशांचे पाकीट तपासायला मागितले, तर ते देऊ नये. ओळखपत्र पाहण्याचा आग्रह धरावा आणि गरज भासल्यास १०१ क्रमांकावर पोलिसांना विचारावे. पारपत्र हरवल्यास प्रथम पोलिसांत तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी आणि ब्रसेल्समधील भारतीय दूतावासाशी संपर्क साधावा.

रस्त्यावर मात्र खरी सावधगिरी चालण्यात आहे. तेथे वाहने उजवीकडून धावतात, म्हणून रस्ता ओलांडताना आधी डावीकडे पाहावे. ट्रामला पादचाऱ्यांपेक्षा नेहमीच अग्रक्रम असतो, अगदी पट्ट्यांवरही. लुव्हेनसारख्या विद्यार्थ्यांच्या गावात पदपथाला लागूनच सायकलींचा मार्ग असतो. तो मोकळा दिसला म्हणून त्यावरून रमत चालणे धोक्याचे, कारण सायकली वेगाने आणि आवाज न करता येतात. आणखी एक गोष्ट. या देशात डच, फ्रेंच आणि जर्मन अशा तीन राजभाषा आहेत आणि एकाच गावाला दोन नावे असू शकतात. लुव्हेनला फ्रेंचमध्ये 'लुव्हाँ' म्हणतात, तर 'मॉन्स' या गावाला डचमध्ये 'बेर्गेन'. गाडी एका भाषिक प्रदेशातून दुसऱ्यात शिरली की फलकावरील नाव बदलते. एकट्याने प्रवास करणाऱ्या वडीलधाऱ्यांना ही दोन्ही नावे लिहून द्यावीत.

डॉक्टरांना व्रत

बेल्जियमला जाण्यासाठी भारतीय प्रवाशास कोणतीही लस सक्तीची नाही. वयस्करांनी हिवाळ्यापूर्वी फ्लूची लस घ्यावी काय, हे आपल्या डॉक्टरांना विचारावे. नळाचे पाणी पिण्यास योग्य असते. डिसेंबरात तापमान शून्याच्या थोडे वरच रेंगाळते, पाऊस बारीक पण चिवट असतो आणि ओल्या दगडी रस्त्यांवर पाय घसरतो. गुडघेदुखी असलेल्या माउलीला चपलांऐवजी खाचांच्या तळव्याचे बूट हवेत.

परंतु ज्या घरांत रात्रिभोजनत्याग पाळला जातो, त्यांच्यासाठी हिवाळ्यातील खरा प्रश्न थंडीचा नाही, सूर्याचा आहे. सांगलीत डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि सातच्या आसपास उगवतो. ब्रसेल्समध्ये तोच सूर्य दुपारी ४ वाजून ४० मिनिटांच्या सुमारास मावळतो आणि सकाळी पावणेनऊच्या सुमारास उगवतो. म्हणजे रात्र जवळजवळ सोळा तासांची. चौविहार पाळून सूर्योदयानंतर दोन घटकांनी म्हणजे ४८ मिनिटांनी नवकारसी करणाऱ्या साधकाला सुमारे सतरा तास अन्न-पाण्याविना काढावे लागतात. निरोगी माणसाला ते कदाचित जमेल. मधुमेहाच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याला मात्र एवढ्या दीर्घ खंडात रक्तातील साखर एकाएकी उतरण्याचा धोका असतो. हे बहुधा झोपेत घडते. घाम येणे, हातपाय थरथरणे, छातीत धडधडणे, बोलण्यात गोंधळ होणे ही तिची लक्षणे होत. अशा वेळी क्षणाचाही विलंब न करता साखर किंवा ग्लुकोज द्यावे लागते आणि शुद्ध हरपली असेल तर तोंडातून काहीही न देता ११२ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी लागते.

डॉक्टर गोळ्यांची मात्रा आणि वेळ बदलून यातून मार्ग काढू शकतात, पण त्यासाठी त्यांना व्रताची माहिती हवी. अनेक रुग्ण 'डॉक्टर व्रत सोडायला सांगतील' या धास्तीने ते सांगतच नाहीत. ही धास्ती बाजूला ठेवून निघण्यापूर्वी महिनाभर आधी डॉक्टरांपुढे घड्याळ मांडावे : शेवटचे भोजन साडेचारला, पुढचे साडेनऊला, आणि घड्याळ भारतापेक्षा साडेचार तास मागे. नियम घेताना आजार व औषध यांची सूट ठेवण्याची रीत समाजात रूढ आहे. ती कशी असावी, हे आपल्या गुरूंना विचारून घ्यावे. उन्हाळ्यात चित्र नेमके उलटे होते. जूनमध्ये सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, तेव्हा नियम सुखाने पाळता येतो. प्रवासाची तारीख निवडण्याची मुभा असलेल्या वयस्कर मधुमेही प्रवाशाने हा फरक अवश्य विचारात घ्यावा.

औषधे मूळ वेष्टनात, मुक्कामभर पुरतील इतकी आणि हातातील पिशवीत न्यावीत. इन्सुलिन सामानाच्या कोठारात ठेवलेल्या बॅगेत टाकू नये, तेथे ते गोठून निकामी होऊ शकते. डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, शिक्क्यासह आणि औषधाच्या मूळ घटकाच्या नावाने लिहून घ्यावी, कारण भारतातील कंपन्यांची नावे तेथील औषधविक्रेत्यास उमगत नाहीत. बेल्जियममध्ये साधी तापाची गोळीही किराणा दुकानात मिळत नाही. त्यासाठी हिरव्या क्रॉसचे चिन्ह असलेले औषधाचे दुकान गाठावे लागते. प्रतिजैविके चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत. रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी तातडीचा नसलेला वैद्यकीय सल्ला हवा असल्यास १७३३ हा क्रमांक आहे. जिवावरचा प्रसंग असेल तर मात्र ११२ हाच क्रमांक लावावा.

शिदोरी आणि ताट

लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या आईच्या पेटीत साजूक तुपाचा डबा असणारच. परंतु युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दुधाचे पदार्थ आणण्यास बंदी आहे. त्यामुळे तूप, पनीर, खवा सीमेवर जप्त होऊ शकतात. खव्याची मिठाईही घरीच ठेवणे शहाणपणाचे. ताजी फळे, भाज्या आणि ताजा कढीपत्ता यांनाही वनस्पती-आरोग्याच्या प्रमाणपत्राशिवाय मज्जाव आहे. केळी, नारळ, खजूर अशा मोजक्या फळांना तेवढी सूट आहे. भाजणी, मेतकूट, कोरडी चटणी, भडंग यांची शिदोरी मात्र निर्धास्तपणे न्यावी. तुपासाठी लेकीने तेथील लोणी आणून घरी कढवावे, ते उत्तम होते.

बाहेर खाताना केवळ 'शाकाहारी' हा शब्द पुरत नाही. बेल्जियमचे तळलेले बटाटे जगप्रसिद्ध आहेत, पण परंपरेने ते गोवंशाच्या चरबीत तळले जातात. कंदमुळे वर्ज्य नसलेल्यांनीही तेल कोणते आहे, हे विचारल्याशिवाय ते घेऊ नयेत. वॉफलमध्ये अंडे असते. अनेक चीजमध्ये वासराच्या जठरातून काढलेले विरजण असते आणि चॉकलेटच्या काही प्रकारांत मद्य. वेष्टनावर अंडे व दूध यांसारख्या ॲलर्जीकारक घटकांचा ठळक उल्लेख करणे कायद्याने बंधनकारक आहे. अंड्याला डचमध्ये 'एय' म्हणतात आणि ते 'इ' व 'आय' अशा दोनच रोमन अक्षरांत लिहितात. नजर तेवढी तयार ठेवली की दुकानात फसगत होत नाही. 'ई १२०' हा लाल रंग कीटकांपासून बनतो, हेही ध्यानात ठेवावे. 'व्हीगन' असा छाप असलेला पदार्थ त्यातल्या त्यात निःशंक, पण त्यातही कांदा-लसूण असू शकतो.

हिऱ्यांच्या व्यापारामुळे अँटवर्पमध्ये जैन कुटुंबे स्थायिक झाली आहेत. त्यांतील बरीचशी मूळची पालनपूरकडची. या शहराच्या विलराइक या उपनगरात संगमरवरी जिनमंदिर आहे. लुव्हेनहून रेल्वेने सुमारे तासाभरात अँटवर्प गाठता येते. परमुलुखात दर्शनाची आणि आपल्या माणसांच्या भेटीची ही सोय वयस्करांच्या मनाला मोठा आधार देते.

निघण्याच्या आदल्या रात्री पारपत्रात एक कागद घडी घालून ठेवावा. त्यावर इंग्रजीत स्वतःचे नाव व वय, आजार, चालू औषधे, ॲलर्जी, पाळत असलेला आहारनियम, लेकीचा पत्ता व फोन आणि विमा कंपनीचा तातडीचा क्रमांक लिहावा. पत्नीच्या पारपत्रात तिचा वेगळा कागद असावा. भाषा न येणारा माणूस परक्या देशात आजारी पडला, तर त्याच्या वतीने हा कागदच बोलतो. त्यावर लिहिलेले सारे खरे असले, म्हणजे समोरच्या डॉक्टरला योग्य ते करता येते.